बसवणारे आणि पुसणारे

घरात नवी वस्तू आली की घराचे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "घरीच बसवू, त्यात काय एवढं?" दुसरा म्हणतो, "माणूस बोलवा." दोन्ही पक्षांत तत्त्वाचा फरक फारसा नसतो. पहिल्याला स्क्रू ड्रायव्हर चालवता येतो आणि दुसऱ्याला तो कुठे ठेवलाय हे ठाऊक असते, एवढाच भेद. पण वाद मात्र असा रंगतो की वस्तूचे खोके चार दिवस दिवाणखान्यात पडून राहते आणि पाहुणे त्यावर चहाचे कप ठेवून जातात.

शहरात या वादाला आयुष्य कमी. मोबाइलवर बोट टेकवले की पाठीवर कंपनीचे नाव छापलेला माणूस दारात उभा. केशोरीत वादाला भरपूर अवकाश मिळतो. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा, त्याचा दक्षिणेकडचा अर्जुनी मोरगाव तालुका आणि त्यातही गडचिरोलीच्या सीमेकडे सरकलेले हे गाव. एकीकडे इटियाडोह धरण, दुसरीकडे नवेगावबांधचे जंगल, मध्ये धानाच्या बांध्या आणि मिरचीची वावरे. खोके हल्ली इथवर येते. खोक्यातली वस्तू बसवणारा माणूस मात्र अर्जुनीहून नाहीतर वडशाहून यायचा असतो, आणि तो फोनवर "येतो ना जी" म्हणतो. यातला 'जी' आदराचा असतो, वेळेचा नसतो.

त्याचेही खरे आहे. इकडचा फिटर हा नुसता फिटर नसतो. आषाढात त्याची रोवणी चालू असते; त्या दिवसांत नळ गळो की छप्पर, चिखलातून पाय बाहेर निघत नाही. पुढे धान कापणी, मग चुरणी. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते आणि इकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो. त्या काळात आमच्याकडचा वायरमन रात्री कुठल्याशा गावात खलनायक असतो आणि दिवसा झोपलेला असतो. उन्हाळ्यात मोहफूल, मग तेंदूपत्ता. म्हणजे मधल्या फटीत त्याला गाठायचे. पंचांगात मुहूर्त काढणारे भटजी परवडले, असे म्हणावेसे वाटते.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, तर खिडकी पुसण्यासाठी.

जुन्या केशोरीत खिडकी पुसणे हे काम नव्हतेच, कारण पुसण्यासारखी खिडकी नव्हती. मातीच्या भिंती, वर कवेलू, भिंतीत लाकडी गज लावलेला हातभर झरोका. त्यातून उजेड येई, धूर जाई आणि मांजर दोन्ही करी. काच असलीच तर छपरात एखादे काचेचे कवेलू असे, आणि ते पुसायचे काम पावसाकडे. पाऊस ते चोख करी आणि फिटिंग चार्ज मागत नसे.

मराठी घरात काच खऱ्या अर्थाने आली ती कंदिलाच्या पोटातून. लोकांनी एकेक पैसा देऊन उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावला १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ पासून ओगल्यांनी काच केली आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील खेडोपाडी पोचला. त्या काचेला रोज संध्याकाळी राखेने आणि चिंधीने पुसावे लागे. काम घरातल्या लहान पोराकडे असे, कारण चिमणीत जाईल एवढा हात त्याचाच. उद्याही तेच काम, परवाही तेच. कंदील बसवायला माणूस बोलवावा की घरीच बसवावा, असा वाद कोणी घातल्याचे ऐकिवात नाही. प्रश्न एकच असे, आज काच कोणी पुसली नाही?

मग घरकुले आली, स्लॅब आला आणि स्लॅबच्या पाठोपाठ ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. खिडकीच्या दोन काचा एकमेकींवर सरकतात, त्यांच्या पुढे मच्छरजाळी, जाळीपुढे लोखंडी ग्रील. दिसायला झकास. खाली दुकान आणि वर माडी असेल तर आणखीच झकास. अडचण एवढीच की बाहेरच्या काचेपर्यंत माणसाचा हात पोचत नाही. आतून ग्रील आड येते, बाहेरून जमीन खाली राहते. घर बांधणाऱ्या मिस्त्रीने याचा विचार केलेला नसतो, कारण मिस्त्रीच्या घरी त्याचे उत्तर बायकोने शोधलेले असते.

आणि पुसायला तर भरपूर. चुरणीच्या दिवसांत थ्रेशरचा भुसा हवेत असतो, राईस मिलचा कोंडा असतो, रस्त्याची लाल धूळ असते. मिरची वाळत घातली की तिची पूड काचेवर बसते. ती ओल्या फडक्याने पुसून तोच हात डोळ्याला लावला की खिडकीपेक्षा डोळे आधी स्वच्छ होतात. दिवाळीपूर्वी घरोघरी ही मोहीम निघते. हत्यारे ठरलेली: जुन्या धोतराचा तुकडा, बादली, वर्तमानपत्र आणि बांबू.

बांबूबद्दल थोडे आदराने बोलले पाहिजे. या भागात उंचीवरचे कुठलेही काम आधी बांबूला विचारले जाते. छताची जाळी काढायची, आंबा पाडायचा, झाडावरचा पतंग उतरवायचा, सगळीकडे तोच. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाड होता, म्हणून तोडायला परवानगी आणि न्यायला परवाना लागे. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेर लावलेला बांबू झाडांच्या यादीतून बाहेर पडला. नव्वद वर्षांनी का होईना, कायद्याला तो गवत असल्याचे मान्य झाले. तर अशा या गवताच्या टोकाला चिंधी बांधली की खिडकी पुसायचे यंत्र तयार. बसवायचा खर्च सुतळीचा. हमी मात्र नाही. पुसता पुसता चिंधी निसटून शेजाऱ्याच्या अंगणात पडते आणि तिथून वेगळाच विषय सुरू होतो.

आता बांबूच्या जागी खोके आले आहे. खोक्यात असतो लांबवता येणारा दांडा, त्याच्या टोकाला ब्रश, ब्रशला पाण्याची नळी, रबरी पातीचा वायपर, एक छोटा पंप, चार प्रकारचे जोड आणि एक माहितीपत्रक. पत्रकातल्या चित्रात एक गोरा माणूस हसत हसत तिसरा मजला धूत असतो. त्याच्या आसपास महावितरणची तार कुठेही दिसत नाही.

यातल्या वायपरचा इतिहास गमतीचा आहे. अमेरिकेत एट्टोरे स्टेकोने नावाचा एक इटालियन स्थलांतरित खिडक्या पुसून पोट भरत असे. त्या काळची पुसणी जड आणि डझनभर स्क्रूंची. पाती बदलायची तर बराच वेळ जाई. त्याने पितळेची, हलकी, एकाच रबरी पातीची पुसणी केली आणि १९३६ साली तिचे पेटंट घेतले. जगभरचे खिडकी पुसणारे आजही त्याच घडणीचे हत्यार वापरतात. हे हत्यार बसवणाऱ्याने शोधले नाही, पुसणाऱ्याने शोधले, हे लक्षात ठेवण्यासारखे. स्क्रू कमी असावेत ही अक्कल ज्याचा हात रोज दुखतो त्यालाच सुचते.

खोके उघडले की 'घरीच बसवू' पक्षाची सभा अंगणात भरते. सभेला निमंत्रण लागत नाही. शेजारचे काका येतात, समोरचे भाऊजी येतात, शाळा सुटलेली पोरे येतात. माहितीपत्रक कोणी वाचत नाही. ते वाचणे हा भित्रेपणा समजला जातो. "कायले मानूस पायजे जी? चार नटबोल्टचा खेळ हाय," असे एक जण म्हणतो. तो हात लावत नाही, म्हणून त्याचा आत्मविश्वास शेवटपर्यंत टिकतो. दुसरा म्हणतो, नळी उलटी लागली. तिसरा म्हणतो, सुलटी आहे पण पंप उलटा आहे. घरमालक दोघांचेही ऐकतो आणि नळी आणि पंप दोन्ही फिरवतो. म्हणजे स्थिती पहिल्यासारखीच होते, पण सगळ्यांचे समाधान होते.

पुढचा अध्याय पाण्याच्या दाबाचा. स्लॅबवर टाकी आहे, मग पंप हवाच कशाला, असा मुद्दा निघतो. इथे निसर्गाचा हिशेब आड येतो. पाण्याची दहा मीटर उंची असेल तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब मिळतो. टाकी माडीच्या खिडकीपेक्षा दोन मीटर वर, म्हणजे दाब पाव किलोच्याही आत. त्यात लांब नळी, बारीक तोंड. ब्रशमधून पाणी निघते, पण देवाला तीर्थ द्यावे तेवढेच. काच पवित्र होते, स्वच्छ होत नाही. मग पंप लागतो, पंपाला वीज लागते, आणि ओल्या अंगणात, ओल्या हातांनी वीज जोडायची वेळ आली की सभेतले निम्मे सभासद चहाला जातात.

'माणूस बोलवा' पक्षाचा दिवस उगवतो तो इथे. फिटर येतो. आल्याबरोबर तो कामाकडे बघत नाही, आधीच्या कामाकडे बघतो. "कोनं केलं हे?" हा त्याचा पहिला प्रश्न. उत्तर काहीही द्या, तो मान हलवतो. आधीचे काम घरमालकाने केले असेल तर हलवतो, दुसऱ्या फिटरने केले असेल तर जास्त हलवतो, आणि मागच्या वर्षी त्यानेच केले असेल तर "पाईपच हलका होता" म्हणतो. जुन्या कामाला नाव ठेवल्याशिवाय नव्या कामाचा दर ठरत नाही, हे सगळ्या कारागिरांचे जगन्मान्य अर्थशास्त्र आहे. पुण्यातला गवंडी, मुंबईतला प्लंबर आणि वडशाचा वेल्डर यात एकमताने वागतात.

मग तो भिंतीवर बोटाने टकटक करतो, वर बटणाकडे बघतो, खाली प्लगकडे बघतो आणि ड्रिल लावतो. बघणाऱ्यांना वाटते, भोकच तर पाडले. पण बटण आणि प्लग यांच्या सरळ रेषेत भिंतीतून वायर गेलेली असते आणि ती टाळून त्याने चार बोटे बाजूला भोक पाडलेले असते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. झालेला अपघात दिसतो, टळलेला दिसत नाही. त्यामुळे त्याचे पैसे जड वाटतात. "दहा मिनिटांचे एवढे?" असे घरमालक म्हणतो. त्याने त्याच कामाला तास लावला असता तर मात्र तेही कोणाला चालले नसते.

माझे मत विचाराल तर फिटरला दिलेल्या पैशांत कामाचा वाटा निम्मा. उरलेला निम्मा घराच्या शांततेचा. त्याने वाकडे बसवले तर घरातले सगळे जण एकत्र येऊन त्याला नावे ठेवू शकतात. नवरा-बायकोचे इतके एकमत दुसऱ्या कुठल्या विषयावर होत नाही. नवऱ्याने स्वतः वाकडे बसवले की त्याच वाकडेपणाखाली पुढची दहा वर्षे काढावी लागतात. पाहुणे आले की बायको काही बोलत नाही, फक्त वर बघते. वर बघण्याचा खर्च फिटिंग चार्जपेक्षा जास्त असतो.

पण दुसरी बाजूही आहे. स्वतः बसवलेली वस्तू आपल्याशी बोलते. कुठला आटा ढिला आहे, कुठे टेपचे वेढे दिले, हे माहीत असते. रात्री गळायला लागली तर माणूस झोपेतून उठून बरोबर तिथेच हात घालतो. फिटरने बसवलेली वस्तू गळली की आपण तिच्याकडे पाहुण्यासारखे बघतो आणि पुन्हा फोन लावतो. तिकडून पुन्हा "येतो ना जी".

गावातल्या एका पोराने या वादाला वेगळेच वळण दिले. त्याच्याकडे छोटा हत्ती, म्हणजे लहान मालवाहू टेम्पो, आहे. एका मोसमात धान, एका मोसमात नाटकाचे सामान, मधल्या काळात लग्नाची वरात. त्याच्या डोक्यात आले की गाडीवर टाकी आणि पंप बसवावा आणि बँकेच्या, दुकानांच्या, शाळांच्या काचा धुऊन द्याव्यात. वर सोलरच्या पाट्या. आता शेतात सौर पंप आहेत, छपरांवर पॅनेल आली आहेत. त्यांच्यावर धूळ बसली की वीज कमी होते आणि धुवायला वर कोणी चढत नाही. कल्पना उत्तम. प्रश्न तोच: टाकी स्वतः बसवायची की गाडी नागपूरला नेऊन बसवून घ्यायची?

तो स्वतःच बसवायला निघाला, तेव्हा त्याचा आजोबा आडवा आला. म्हाताऱ्याने जन्मभर बंडी हाकली. पाचशे लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन पाणी, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. छोटा हत्ती वाहून नेतो पाऊण टनाच्या आसपास. त्यात पंप, बॅटरी, नळीचे भेंडोळे आणि चालक यांचे वजन धरायचे. टाकी अगदी मागे ठेवली तर गाडी उलार होणार, म्हणजे पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंग हवेत फिरणार. म्हाताऱ्याने काठीने गाडीच्या हौद्यात रेघ ओढली, इथे ठेव. रेघ मागच्या आसाच्या थोडी पुढे होती. गाडीचा अभियंता यापेक्षा वेगळे काही सांगता ना.

त्याने आणखी एक विचारले, "अर्धी टाकी रिकामी झाल्यावर का करशीन?" याचे उत्तर पोराकडे नव्हते. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी वाईट. ब्रेक मारला की आतले पाणी पुढे धावते, वळणावर एका कुशीला जाते, आणि गाडी त्याच्यामागे जाते. म्हणून या कामासाठी बनवलेल्या टाक्यांत आत आडवे पडदे असतात; पाण्याला धावायला मैदान मिळू नये एवढाच त्यांचा उद्देश. घराच्या छतावरची साधी टाकी गाडीवर दोरीने बांधली तर ती उभ्या गाडीत शहाण्यासारखी वागते, चालत्या गाडीत नाही.

शेवटी काम असे वाटले गेले. जागा आजोबाने ठरवली. टाकी पडद्यांची आणली. लोखंडी सांगाडा वडशाच्या वेल्डरने केला आणि गाडीच्या चासीला बोल्टने धरला. बॅटरीपासून पंपापर्यंतची वायर आणि फ्यूज वायरमनने जोडला. नळ्या, जोड, रीळ आणि ब्रश पोराने स्वतः लावले, दोनदा काढले आणि तिसऱ्यांदा बरोबर लावले. याला घरीच बसवले म्हणायचे की माणूस बोलावून, हे गावाने अजून ठरवलेले नाही. पण गाडी सरळ चालते.

त्याचा धंदा अडला तो वेगळ्याच ठिकाणी. बोअरच्या पाण्याने धुतलेली काच वाळली की तिच्यावर पांढरे ठिपके उमटत. पाण्यात विरघळलेला चुना आणि मॅग्नेशियम यांची ही रांगोळी. पाणी उडून जाते, ते मागे राहतात. विलायतेत खिडक्या धुणारे पाणी आधी गाळून, मग रेझिनमधून नेऊन जवळजवळ शून्यावर आणतात. मग काच पुसावीही लागत नाही, नुसती वाळते. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचे मानक असे आहे की लिटरमागे विरघळलेले घटक ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंतही चालवून घ्यावेत. म्हणजे माणसाला दोन हजार चालते आणि काचेला शून्य लागते. माणूस तक्रार करत नाही आणि काच करते, एवढाच याचा अर्थ. पोराने मग पावसाचे पाणी साठवायला सुरुवात केली. छपरात काचेचे कवेलू होते तेव्हा ते कशाने चमकत होते, याचे उत्तर असे उशिरा मिळाले.

बसवणे मोठे की राखणे मोठे, हा वाद या भागाला नवा नाही. खिडकीच्या कितीतरी आधी तो तलावावरून होऊन गेला आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे पाणी, भोवती सात बहिणींच्या टेकड्या. कोहळी म्हणजे तलाव बांधण्यात मुरलेला समाज. जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखायचा, पाळ कुठे घालायची, तुडूम म्हणजे पाणी सोडायचे दार कुठे ठेवायचे, जास्तीचे पाणी कुठून सोडायचे, हे सगळे त्यांच्या हाडात. गोंड राजांच्या काळापासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या मुलखात त्यांनी हजारोंनी तलाव उभे केले. आजच्या भाषेत ते सर्वोत्तम व्यावसायिक फिटर. त्यांनी बसवलेले अजून बसलेले आहे.

पण तलाव टिकले ते केवळ बांधणीमुळे नव्हे. पाळीला उंदराने भोक पाडले की बुजवायचे, गाळ काढायचा, तो शेतात टाकायचा, पाट मोकळा ठेवायचा, ही कामे वर्षाच्या वर्षाला गाव करी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, ते योग्यच झाले. तलाव सरकारकडे आले. मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान पुढे जिल्हा परिषदेकडे. आणि गावाने हात झटकले. पाळ फुटली तर खाते बघेल. खात्याकडे तलाव पुष्कळ आणि डोळे थोडे. बेशरम नावाच्या तणाने काठ व्यापले, गाळाने पोट भरले, मासे कमी झाले. बांधणाऱ्याची कला जागच्या जागी होती, पुसणारा निघून गेला होता.

पुढे याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या लोकांनी तलावात उतरून बेशरम उपटली आणि माशांना हव्या असलेल्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. गुडघाभर चिखलात उभ्या राहून हे काम करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. पक्षी परतले, मासे परतले. त्या कामाला उद्घाटन नव्हते, फीत नव्हती. फीत बसवण्याला असते, पुसण्याला नसते.

खिडकीचेही तसेच. बसवण्याच्या वादात घरातले सगळे पुरुष असतात, शेजारचे असतात, रस्त्याने जाणारे असतात. दांडा बसतो, पंप चालतो, टाळ्या पडतात, फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला जातो. पंधरा दिवसांनी काचेवर धूळ बसते तेव्हा अंगणात एकच व्यक्ती असते. ती पंप लावत नाही. तेवढ्यासाठी कोण वायर काढणार? ती कोपऱ्यातला बांबू घेते, चिंधी बांधते आणि बाहेरची काच पुसून मोकळी होते. तिला कोणी विचारलेही नव्हते, घरीच बसवू की माणूस बोलवू. विचारले असते तर तिने सांगितले असते की पुढच्या घराला खिडकी अशी ठेवा, जिची दोन्ही पाने आत उघडतील.

तेव्हा माझा निवाडा असा. पाणी सांडण्यापुरताच धोका असेल तर स्वतः बसवा. सांडेल, पुसाल, शिकाल. रक्त सांडायचा धोका असेल तर माणूस बोलवा आणि पैशांची घासाघीस करू नका. वीज, उंची आणि चालत्या गाडीवरचे वजन या तीन गोष्टी दुसऱ्या वर्गात मोडतात. ओल्या पंपाला अर्थिंग हवेच, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरला तुटणारे सुरक्षा स्विचही. शिडी लावली तर चार हात उंचीला तिचा पाय भिंतीपासून एक हात बाहेर ठेवा. वर तार असेल तर ॲल्युमिनियमचा दांडा उचलूच नका. ओला बांबूही नको, तोही विजेला वाट देतो. आणि कोणीही बसवले तरी तो बसवत असताना शेजारी उभे राहून बघा, म्हणजे पुढच्या वेळी निम्मा फोन वाचेल.

आणि एक विनंती. खोके उघडायच्या दिवशी अंगणात जो सगळ्यात मोठ्याने बोलला असेल, पहिल्या रविवारी खिडकी त्याने पुसावी. आतूनही आणि बाहेरूनही.